मदत हवी आहे: मासेमारी बंदीत होडीवरच्या लिथियम बॅटऱ्या कशा ठेवायच्या?

आम्ही देवबागकडचे. 1 जून ते 31 जुलै बंदी, त्यामुळे होडी वर ओढून झावळ्यांनी झाकलीय. जाळी-इंजिनाचं बाबा बघतात. बॅटऱ्यांचं घरात कुणालाच धड माहीत नाही. आधी लेड-ॲसिड होती, फुल चार्ज करून ठेवली की झालं. यंदा 12.8 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. शिवाय हेडलॅम्पचे सुटे 18650 सेल (बोटाएवढे गोल लिथियम सेल), आणि एक पॉवर बँक, जिचं झाकण मधून उचललंय (चार्ज मात्र अजून होते).

बाबा म्हणतात फुल करून ठेव, दुकानदार म्हणतो अर्धी. कोणाचं ऐकू? सेल सगळे एका स्टीलच्या डब्यात आहेत. एकाचं निळं वेष्टण बटणाच्या कडेला फाटलंय. पडवीत ओल येते, म्हणून सगळं माळ्यावर टाकायचा विचार आहे. जुना चार्जर नव्या बॅटरीला चालेल का?

खाडीकाठ:
पॉवर बँक आधी चार्जिंगवरून काढ, बाकीचं नंतर. झाकण उचललंय म्हणजे आतल्या पाकिटात वायू धरलाय. दाबून बसवू नको, टोचू तर अजिबात नको. घराबाहेर, पाऊस लागणार नाही अशा जागी, सुक्या वाळूच्या मडक्यात ठेव. झावळ्या आणि डिझेलच्या कॅनपासून लांब. कचऱ्यात टाकू नको, गाडीत चेपली तर पेट घेईल. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा दुकानदाराच्या मागे लाग.

स्टीलचा डबा नको रे बाबा. 18650 चं वरचं बटण तेवढं धन, बाकी अख्खा पत्रा ऋण. वेष्टण नेमकं तिथेच फाटलं की दोघांत जेमतेम मिलिमीटरभर अंतर उरतं. तो सेल बाद कर. बाकीचे प्लास्टिकच्या डबीत, एकेक वेगळा.

सोलरवाला:
दुकानदाराचं बरोबर. लिथियम भरलेली पडून राहिली की लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी झाली तर कामातून जाते. सुटे सेल मीटरवर 3.7-3.8 व्होल्टला ठेव. फॉस्फेटला मीटरचा उपयोग नाही, मधल्या टप्प्यात तिचा व्होल्ट जवळपास हलतच नाही. फुल कर, मग दिवा लावून अंदाजे अर्धी उतरव आणि दोन्ही वायरी काढ. फिश फाइंडर बंद असला तरी थोडं थोडं ओढत राहू शकतो. टर्मिनलवर हिरवं धरलं असेल तर वायरी काढल्यावर सुक्या ब्रशने घासून घे.

जुना चार्जर लावू नको. फॉस्फेटला 14.4-14.6 व्होल्टवर थांबणारा लागतो. लेड-ॲसिडच्या काही चार्जरांत डिसल्फेशन (जुनी लेड-ॲसिड सुधारायची सोय) असतं, ते त्याच्याही वर ढकलतं.

खाडीकाठ:
आणि माळ्यार नको! पावसाळ्यात तिथे उष्णता नसते हे खरं, पण लाकडं, नारळाची सोडणं तिथेच, आणि धूर निघाला तरी खाली कळायला उशीर. माजघरातलं फडताळ बरं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

धागाकर्ता:
आभार! वायरी काढल्या, सेल डबीत गेले. पॉवर बँक टाकायला बाबा तयार नव्हते, "चालताहा मा अजून" म्हणून. मडक्यापर्यंत आणलेत. वाळू दारातली, किनाऱ्याचीच घेतली तर चालेल?

सोलरवाला:
नको. खारी वाळू वाळली तरी हवेतली ओल ओढते, आणि खारं पाणी वीज नेतं. कुठे घराचं काम चालू असेल तिथून नदीची घमेलंभर माग, आणि उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा पत्र्यावर पसरून वाळव.