चार छोटे हंस, चार मापं: बॅलेच्या विडंबनात हसू देहावर जाऊ नये म्हणून काय करायचं?

पेठेतला कावळा
बारा मिनिटांची विनोदी नृत्यनाटिका बसवतोय. गाभा 'स्वान लेक' या बॅलेमधला चार छोट्या हंसांचा नाच. नाचणारे चौघे, वजनं ५२, ६८, ९१ आणि १०५ किलो. १०५ वाला तालमीतला पैलवान, ९१ किलोची मुलगी भरतनाट्यम शिकलेली. विषय एवढाच, की बॅलेला एकाच मापाचा देह चालतो हे ठरवलं कुणी? पण पैलवान ट्युटूत, म्हणजे बॅलेच्या जाळीदार आखूड घागऱ्यात, दिसला की लोक हसतात आणि विषय तिथंच संपतो. शिवाय पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बॅलेचे बूट, घालायचे का? सराव शहाबादी फरशीवर चाललाय, गुडघे बोलायला लागलेत. ट्युटूला जाळी किती लागते तेही सांगा.

विंगेतला
कोल्हापुरात शंभर किलोचा गडी ही चेष्टेची गोष्ट नाहीच. खासबागेच्या कुस्ती मैदानात त्याच अंगासाठी हलगी कडाडते. तुमच्याकडे लोक हसतात ते बाप्यानं बाईचा वेश घेतला म्हणून. देहाचं माप त्या हशात कुठंच नाही. मापाचा जाच ९१ किलोच्या मुलीला आहे. म्हणून सगळ्यात अवघड एकल तिला द्या, आणि तेवढा तुकडा अजिबात विनोदी करू नका. हसायचं ते टेप घेऊन फिरणाऱ्या बॅले मास्तरावर. तो एकेकाची मान, हात, पाय मोजतो, वहीत फुली मारतो. ५२ किलोवालीलाही फुली! शेवटी कुणाचं लक्ष नाही बघून स्वतःची कंबर मोजतो आणि टेप गुपचूप खिशात घालतो.

दुसरं म्हणजे, मूळ न पाहिलेल्याला विडंबन कळत नाही. हा नाच लेव्ह इव्हानोव्हनं १८९५ च्या प्रयोगासाठी बसवलेला, जेमतेम दीड मिनिटाचा. हात समोर फुलीसारखे गुंफलेले, माना एकदम वळतात, सोळा 'पा द शा' (मांजरीसारख्या हलक्या) उड्या ओळीनं. पहिल्या ३२ मात्रा तंतोतंत करा. 'चौघी म्हणजे एकच' हा नियम डोळ्यात बसला की मग मोडा. पहिली मान ५२ किलोवालीची चुकू दे, अर्ध्या मात्रेनं, आणि पैलवानानं तिला नुसत्या डोळ्यांनी दटावावं. जड माणसाची चूक वजनामुळे होता कामा नये. धपकन पडणं, फळ्या हादरणं, वडापाव, यातलं काही नको.

बॅलेचं विडंबन करणारी 'ट्रॉकडेरो' मंडळी बघा. १९७४ पासून न्यूयॉर्कचे हे पुरुष पॉइंटवर नाचतात, छातीवरचे केसही झाकत नाहीत. त्यांच्या 'मरणारा हंस' या एकलात हंसाची पिसं नाचता नाचता गळत राहतात, पाय मात्र चोख. पाय कच्चे असते तर पिसांना कुणी हसलं नसतं.

टाच-चवडा
पॉइंट शूज नको, ५२ किलोवालीलाही नको. दोन-तीन वर्षं नियमित बॅले झाल्याशिवाय त्यावर चढत नाहीत, आणि त्याचं कारण वजन नसून घोटा आणि तळव्याची ताकद आहे. बुटाच्या पुढच्या टोकात लाकूड असतं हा गैरसमज. कापड-कागदाचे थर गोंदानं कडक केलेले असतात. कॅनव्हासचे मऊ बूट घालून चवड्यावर करा.

फरशीवर उड्या आजच बंद करा. १६ × १२ फुटांसाठी १२ मिमी प्लायच्या ८ × ४ च्या बारा शीट लागतील, सहा-सहाचे दोन थर. वरचा थर आडवा फिरवा म्हणजे सगळे सांधे एकावर एक येत नाहीत. त्यासाठी दोन शीट मधोमध कापाव्या लागतील. खाली दर फुटावर इंचभर जाडीचे, ३ इंची दाट फोमचे चौकोन. फोम मऊ घेतलात तर पैलवानाखाली पूर्ण दबेल आणि पुन्हा फरशीच लागेल. स्क्रू २० मिमीचे, कारण दोन थर मिळून २४ मिमी होतात. लांब घेतले तर टोकं खालून निघतात. बूट घसरू नयेत म्हणून तळाला लावायची राळ अगदी चिमूटभर. जास्त झाली की पाय चिकटतो, अंग वळतं आणि गुडघा पिळवटतो.

हात गुंफताना बोटं अडकवू नका, नुसती आकड्यासारखी लावा. एक घसरला तर सुटली पाहिजेत, नाहीतर चौघेही तोंडावर. ओळ उंचीनं लावा, वजनानं नको.

हातशिलाई
चौघे खेटून उभे राहणार, म्हणून ट्युटू १२ इंचांपेक्षा मोठा नको, एकमेकांत मोडतो. ४८ इंच सीटला प्रत्येक झालर तिप्पट, म्हणजे १४४ इंच. ५४ इंची पन्ह्याच्या तेवढ्या एका लांबीत १२, ११, ११, १०, १० इंच रुंदीच्या झालरी बरोबर बसतात. दुसरीत ९, ८, ७, ६, ४, आणि २० इंच उरतात. दोन लांब्या म्हणजे ७.३ मीटर, ८ आणा. कडक जाळीच घ्या, ओढणीची मऊ नेट लोंबते. झालर कमरेवर शिवू नका. कमरेखाली ३ इंची घट्ट पट्टा घ्या आणि तो संपतो तिथं, सीटवर शिवा. पोट असेल तर पट्टा पुढून अर्धा इंच खाली उतरवा, नाहीतर ट्युटू पुढून वर उचलतो.

शाहूपुरीकर
विंगेतले दादा, बाप्या-बाईचा हशा एवढा टाकाऊ हाय व्हय? गवळणीतली मावशी बाप्याच करतोय की. लोक हसत्यात, पण शेवटचा शब्द मावशीचाच.

विंगेतला
कबूल. मावशी टिकते ती तिच्या जिभेवर, लुगड्यावर नाही. पैलवानाला बोलायला मिळत नाही, म्हणून त्याची जीभ म्हणजे त्याचं उतरणं. सोळाही उड्या आवाज न करता: आधी बोटं, मग चवडा, मग टाच, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत. आणि शेवटच्या चार उड्यांना संगीत बंद ठेवा.

टाच-चवडा
चालेल, पण पूर्ण उड्यांची फेरी दिवसातून तीनच वेळा. बाकी सराव जागच्या जागी, हातांनी.