शेडवरचा सोलर कंट्रोलर दोनदा गेला, कॅमेरेपण जळाले – हाय व्होल्टेजपासून वाचवायला काय लावू?

द्राक्षबाग_दिंडोरी:
नमस्कार मंडळी. मळ्यातल्या शेडवर ३७५ वॅटच्या दोन प्लेटा सिरीजमध्ये, प्लेटांकडून १०० व्होल्टपर्यंत झेपणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, २४ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी, त्यावर ठिबकचा टायमर, राउटर अन् चार कॅमेरे आहेत. मागच्या जानेवारीत कंट्रोलर गेला, बसवणारा म्हणे वीज पडली असेल. अहो जानेवारीत कुठली वीज? यंदा परत सकाळी सकाळीच गेला, अन् मधे एकदा बॅटरी फुल असताना दोन कॅमेरे पण गेले. आता बसवणारा एसपीडी (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर) लाव म्हणतोय. लावू का? कुठला घेऊ?

सातपूर_वायरमन:
भाऊ आधी प्लेटच्या मागचं स्टिकर बघा, व्हीओसी, म्हणजे लोड नसतानाचं व्होल्टेज, किती लिहिलाय?

द्राक्षबाग_दिंडोरी:
४८.

सातपूर_वायरमन:
मग झालं की. दोन सिरीजमध्ये म्हणजे ९६, पण हा आकडा २५ डिग्रीचा असतो, प्लेट थंड झाली की व्होल्टेज वाढतं, डिग्रीमागे साधारण ०.३ टक्के धरा. तुमच्याकडं पहाटे ५ डिग्री असेल तर २० डिग्रीचा फरक, म्हणजे ६ टक्के, ९६ चे झाले जवळपास १०२. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात येतो ना दर थंडीत, तो वाचून प्लेटांचं व्होल्टेज काढायचं. बॅटरी फुल असली की कंट्रोलर करंट ओढत नाही, मग पूर्ण व्हीओसी त्याच्या डोक्यावर. १०० च्या वर एक व्होल्टसुद्धा वॉरंटीत बसत नाही.
एसपीडीचा इथं काही उपयोग नाही. तो मायक्रोसेकंदाच्या झटक्यासाठी असतो, सकाळभर टिकून राहणाऱ्या १०२ व्होल्टला तो हात पण लावणार नाही. त्यात दुकानात सहज मिळतो तो ६०० नाहीतर १००० व्होल्टचा. १५० व्होल्टवाला कंट्रोलर घ्या, विषय संपला.

जुना_सोल्डरगन:
नवा कंट्रोलर घ्यायचाच आहे तर १५० चा घ्या, पण बसवणारा १०० चाच बदलून देत असेल तर दोन्ही प्लेटा पॅरलल करा. ४८ च्या प्लेटचं चालतं व्होल्टेज ४० च्या आसपास, मे महिन्यात तापून ३४-३५ झालं तरी २४ च्या बॅटरीला पुरतं. करंट दुप्पट होईल म्हणून केबल जाड टाका, शेडवरून खाली दहा फूट तर यायचंय.
कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. बॅटरी फुल होऊन एखादा सेल ३.६५ ला गेला की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) चार्जिंग तोडतं, कंट्रोलरला समोर बॅटरीच दिसत नाही अन् त्याचं आउटपुट उसळतं. तुमचा २४ चे १२ करणारा बक कन्व्हर्टर तो निळा स्वस्तातला असेल, एलएम२५९६ वाला, तो ४० व्होल्टपर्यंतच. तो मरतो तेव्हा बऱ्याचदा आतून शॉर्ट होतो, मग २४ सरळ कॅमेऱ्यात.

द्राक्षबाग_दिंडोरी:
हो निळाच आहे 😅 मग त्याला उपाय?

जुना_सोल्डरगन:
पहिलं, कंट्रोलरमध्ये चार्जिंग व्होल्टेज २९.२ असेल ते २८.४ करा, बीएमएसवर तोडायची वेळच यायला नको. दुसरं, बक ६० व्होल्टवाला घ्या. लोक ३३ व्होल्टचा टीव्हीएस (झटका दाबणारा) डायोड टाकून निवांत होतात, पण त्याची डेटाशीट उघडून बघा, पूर्ण झटक्यात तो ५३ ला जाऊन थांबवतो, तोवर ४० वाला बक गेलेला असतो. तिसरं, बकच्या पुढं फ्यूज अन् आउटपुटवर क्रोबार, म्हणजे व्होल्टेज वाढलं की लाइन मुद्दाम शॉर्ट करणारं सर्किट: १५ व्होल्टचा झेनर डायोड, एक एससीआर (इशारा मिळाला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). १५ च्या वर गेलं की एससीआर लाइन शॉर्ट करतो, फ्यूज उडतो, कॅमेरे वाचतात. फ्यूज विसरलात तर एससीआरच जळेल. सामान नाशिकला एमजी रोडला मिळून जाईल, किरकोळ खर्च.

अंबड_मेंटेनन्स:
अन् प्लेटच्या लाइनला घरातला एसी एमसीबी लावलाय का ते पण बघा. डीसीत करंट शून्यावरून जात नाही, ठिणगी विझत नाही, लोडवर पाडला की आत जळत राहतो. डीसीचाच पाहिजे. वळवाच्या विजांसाठी एसपीडी लावायचा तर लावा, पण अर्थिंगची वायर अर्ध्या मीटरच्या आत, शेडला गुंडाळून मारलेली नको.

द्राक्षबाग_दिंडोरी:
एमसीबी एसीचाच निघाला राव. उद्या बसवणाऱ्याला बोलावतो, प्लेटा पॅरलल करून घेतो. क्रोबारला १२ च्या लाइनवर चारही कॅमेरे मिळून दोन अँपिअर जातात, फ्यूज किती टाकू?

जुना_सोल्डरगन:
३ चा, फास्ट ब्लो. आणि काम करताना आधी प्लेटा काढा मग बॅटरी, जोडताना उलट. बसवणाऱ्याला हे सांगाच.