'१९८५'मधला मुलगा घरी बोलला नाही ते बरं केलं, असं म्हणणाऱ्यांना

माहेर कुडाळ
काल इथे एकाने दिग्दर्शक येन टॅनचा '१९८५' हा सिनेमा बघून लिहिलं : "पोरगा शहाणा. नाताळात घरी आला, सगळ्यांबरोबर जेवला, आईबापाला न दुखवता परत गेला. गणपतीला गावी येणाऱ्या आमच्या पोरांनी हे शिकावं." रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढते.

अहो, तो शहाणा नाही, आपण समलिंगी आहोत हे घरी सांगायला भ्यालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याची माणसं एड्सने एकेक करून जातायत, स्वतःला लागण झालीय, आणि टेक्ससच्या त्या चर्चला धरून असलेल्या घरात तो सगळं छान चाललंय म्हणून सांगतो. त्या साली या आजारावर औषधच नव्हतं. ही भेट शेवटची असू शकते हे त्याला माहीत आहे, आईबापाला नाही. यात शिकण्यासारखं काय दिसलं?

माझा धाकटा भाऊ तीन चतुर्थ्या एका मित्राला घेऊन आला, रूममेट म्हणून. गणपतीवरची फळापानांची माटवी बांधायला तो मित्रच शिडीवर चढायचा, भाऊ खालून कवंडळं आणि सुपारीचे घोस द्यायचा. चौथ्या वर्षी भाऊ एकटा आला. आईने सवयीने मित्राचंही पान मांडलं. भावाने ते उचललं, म्हणाला, "त्याका सुट्टी मिळाक नाय." मग मागच्या पडवीत खवणीवर बसून नारळ खवत राहिला. लागणार होते दोन, खवले सहा. मित्राचं घरच्यांनी लग्न लावून दिलं होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. माणूस गेल्यासारखं दुःख, घरात वीस माणसं, आणि सांगायला एक नाही.

वाडीतलो
ती पोस्ट माझी, आणि मी ती मागे घेणार नाही. तुम्ही मुंबईकर चतुर्थीला येणार, मनातलं सगळं ओतून मोकळे होणार आणि विसर्जनानंतर गाडीत बसणार. आई इथेच राहते. एका अंगणात चार चुलत घरं, सामायिक गणपती. पूर्वा नक्षत्राची गौर आली की बायका नव्या सुनांचे ओवसे, म्हणजे गौरीपुढे वाहायची सुपं, मोजतात. "तुझ्या झिलाचा (मुलाचा) कधी?" याचं उत्तर त्या म्हातारीने एकटीने द्यायचं. आणि आता बोलतोच आहे तर, तिला ताप आला की डॉक्टरकडे कोण नेतं? मी नेतो. पोरं फोनवर "काळजी घे" म्हणतात. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं नि सुटल्या सुटल्या संपतं, हे दरवर्षीचं कारण.

दापोली
आरक्षणाचं खरं आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांचे ६० केले, प्रतीक्षायादी तेवढीच. पण त्याचा इथे काय संबंध?

टेक्ससला तरी कशाला जायचं? रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' हा सिनेमा मराठीच आहे, २०२५ साली सनडान्स महोत्सवात ज्युरीचं मोठं पारितोषिक मिळालेला. मुलगा बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, नातेवाईक लग्नावरून टोचतात, पण आईला सगळं माहीत असतं. एक माणूस जाणतं असलं की घरात श्वास घेता येतो.

वाडीतलो
ते घाटावरचं गाव. आमच्याकडे अशी आई मला दाखवा.

जत्रेकरी
आमच्याकडे? आमच्याकडे दशावतार आहे, रात्रभर चालणारं लोकनाट्य. बाप्या माणूस लुगडं नेसून राणी होतो, अख्खा गाव पहाटेपर्यंत त्याच्या रडण्यावर डोळे पुसतो. नि सकाळी त्याच गावात एखादा मुलगा जरा नाजूक चालला की "बायल्या" म्हणून मागे लागतात. हा दुटप्पीपणा मी लहानपणापासून बघतोय.

पेटारा
इथे दशावतार ओढायचं कारण नाही. माझे काका तीस वर्षं स्त्रीपार्टी करत होते. ती कला आहे. डोक्यावर पेटारे घेऊन या गावच्या जत्रेतून त्या गावच्या जत्रेत चालत जायचे, देवळात स्वतःच्या हाताने रंगायचे. बायको, चार मुलं, सगळं होतं. दर वेळी कोणीतरी येतं नि या लोकांना त्या रांगेत बसवतं.

जत्रेकरी
"त्या रांगेत" म्हणजे कुठल्या? लिहिताना स्वतःलाच ऐकू येतंय का? मी काकांबद्दल अवाक्षर काढलं नाही, बघणाऱ्यांबद्दल बोललो.

पेटारा
आवाज खाली ठेवा. लोकनाट्यावर शहरातून येऊन व्याख्यानं देणारे खूप बघितलेत.

जत्रेकरी
मी सावंतवाडीतच राहतो. आणि मला तो शब्द शाळेत सात वर्षं ऐकावा लागला, मास्तरांकडूनही. त्यामुळे आवाज खाली येणार नाही.

पेटारा
हे माहीत नव्हतं. माझा "रांग" शब्द चुकला.

काकांनाही चालण्यावरून हिणवायचे. ते घरी कधी बोलले नाहीत. ते गेल्यावर काकीने सांगितलं, नाटक करून आले की आधी विहिरीवर जायचे, रंग उतरला तरी तोंड घासत राहायचे, सोलवटेपर्यंत. तरी दशावताराचा नि या विषयाचा संबंध मी मान्य करत नाही.

दापोली
मूळ मुद्द्यावर या. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर समलिंगी संबंध हा गुन्हा राहिलेला नाही. मग घरी सांगायला भीती कसली?

वाडीतलो
कोर्टाचा निकाल पडवीत कोण वाचतं? आणि लग्नाला मान्यता द्यायला १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने नकार दिला. म्हणजे ओवशाचा प्रश्न तिथेच राहिला.

माहेर कुडाळ
ओवशाचंच बोलू. भाऊ गप्प होता तेव्हाही बायका आईला विचारतच होत्या. तो बोलला नाही म्हणून तिचा एकही प्रश्न वाचला नाही. उलट उत्तर माहीत नसताना तोंड द्यावं लागलं. आपल्याकडूनच काही राहिलं म्हणून नवस बोलत होती, दोन वेळा कुंडली दाखवून आली. तिला त्रास नको म्हणून गप्प बसायचं म्हणता, तर हा त्रास कोणाच्या हिशेबात धरायचा?

२०१८ च्या निकालानंतर आठवड्यातच, १३ सप्टेंबरला, चतुर्थी होती. भाऊ आला आणि गौरीच्या आदल्या रात्री आईला बोलला. मी शेजारी होते. आई उठून चुलीपाशी गेली. दुसरा दिवसभर आमच्याशी बोलली नाही. मी भावाला म्हटलं, चूक झाली बहुतेक.

संध्याकाळी तांदूळ निवडताना वर न बघता तिने विचारलं, "मगे तो झील आता कसो आसा?" कोण ते भावाला कळेना. "माटवी बांधणारो," आई म्हणाली.

वाडीतलो
वाचलं. वाडी तीच आहे, मी म्हणालो ते काही खोटं ठरत नाही. सगळ्या आया अशा नसतात, आणि बोलून घराबाहेर पडलेली पोरंही मला माहीत आहेत. कोणी कधी बोलायचं ते बाहेरच्याने ठरवू नये, त्यात तुम्हीही आलात.

पण "आमच्या पोरांनी हे शिकावं" हे वाक्य पोस्टमधून काढतो. बाकीची पोस्ट तशीच राहील.

माहेर कुडाळ
काढा. तेवढ्याच वाक्यासाठी मी लिहायला बसले होते.