८ खोल्यांचं निवास पर्यावरणपूरक करायचंय, सुरुवात कुठून करू?

रानवारा:
८ खोल्या, दोन मजले, गच्चीवर टाकी आणि सोलर हीटर. हल्ली लोक बुकिंगच्या आधीच विचारतात: सांडपाणी कुठे जातं, प्लास्टिकच्या बाटल्या ठेवता का, सर्टिफिकेट आहे का. सगळं एका वर्षात जमणार नाही. आधी पाण्याचं बघू, सांडपाण्याचं की सरळ सर्टिफिकेटच्या मागे लागू?

तोटीवाला:
आधी मोजा. पाणी, वीज आणि गॅस महिन्याला किती लागला त्याला त्या महिन्यातल्या भरलेल्या खोली-रात्रींनी (एक खोली एक रात्र भरली की एक) भागा. नुसत्या बिलावरून काही कळत नाही, गर्दी कमी झाली तरी बिल उतरतंच.

मग शॉवर. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर जातायत. ७-८ पुरतात. पण बाजारातले कमी पाण्याचे शॉवर बहुतेक पंपाच्या दाबासाठी असतात. टाकीपासून दर मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो, म्हणजे तुमच्या वरच्या मजल्यावर तो बसवला की नुसती धार गळेल. तिथे आधी मोजून बघा, प्रवाह मुळातच कमी निघेल.

दुसरी गोची गरम पाण्याच्या पाइपची. आतून २० मिमी व्यासाच्या पाइपमध्ये दर मीटरला ०.३१ लिटर पाणी मावतं. सोलरपासून बाथरूम २० मीटर लांब असेल तर सहा लिटरच्या वर गार पाणी आधी वाहून जाणार. १५ लिटरच्या शॉवरला त्याला २५ सेकंद लागतात, ७ च्या शॉवरला पन्नासच्या पुढे. पाहुणा नळ सोडून दात घासत बसतो आणि तुमची बचत मोरीत! यावर इलाज म्हणजे गरम पाण्याची रिटर्न लाइन (पाइपमधलं गार झालेलं पाणी परत टाकीत नेणारा पाइप), छोटा पंप आणि बटण किंवा टायमर. पंप चोवीस तास चालू ठेवलात तर पाइपमधूनच उष्णता उडते. रिटर्नवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच, नाहीतर नळ उघडला की टाकीतलं पाणी उलट्या वाटेने येतं. पाइपला इन्सुलेशन करा, पण त्याने फक्त एकामागून एक होणाऱ्या अंघोळींना फायदा होतो, सकाळच्या पहिल्या अंघोळीला नाही.

आणि सोलरची टाकी कोमट ठेवून 'बचत' करू नका. २० ते ४५ अंशांत लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो. साठवण ६० अंशांला ठेवा, भाजू नये म्हणून बाथरूमकडे गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. ढगाळ दिवसांसाठी विजेची बॅकअप कॉइल लागेलच.

कर्दळवाफा:
सांडपाण्याचं मी सांगतो. संडासाचं पाणी वेगळं ठेवून फक्त अंघोळीचं आणि बेसिनचं घ्या. स्वयंपाकघराचं घ्यायचं असेल तर आधी ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी पेटी), आणि तो दर आठवड्याला साफ झाला पाहिजे. पुढे गाळ बसायची टाकी, मग पाणी गाळणारा खडीचा वाफा: साधारण ६० सेंमी खोल, १०-२० मिमी खडी, वर कर्दळ किंवा वेखंड. जागा माणशी १ ते २ चौरस मीटर धरा, आणि तीही सगळ्या खोल्या भरलेल्या धरून.

वाफा तुंबतो तो जवळजवळ नेहमी पाणी आत येतं त्या तोंडाशी. म्हणून पहिल्या अर्ध्या मीटरात ४०-८० मिमीचे मोठे दगड टाका. पाण्याची पातळी खडीच्या ५-१० सेंमी खालीच हवी, वर आली की डास. बाहेरच्या तोंडाला फिरवता येणारा एल्बो (काटकोनी पाइप) लावा: गर्दी नसलेल्या महिन्यांत तो थोडा उभा केला की पातळी चढते आणि झाडं वाळत नाहीत. गाळलेलं पाणी २४ तासांपेक्षा जास्त साठवू नका, वास सुटतो. ब्लीच आणि ड्रेन क्लीनर बाथरूममधून हद्दपार करा, वाफ्यातले जिवाणू मरतात.

साधीसुधी:
'कंपोस्टेबल' प्लेट-चमच्यांच्या नादी लागू नका. त्या बहुधा ज्याच्या असतात तो पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक) कुजायला औद्योगिक खतप्रकल्पातलं साधारण ५८ अंश तापमान लागतं, घरच्या खड्ड्यात तो तसाच राहतो. धुवायची भांडी घ्या. साबण-शॅम्पूचे डिस्पेंसरही वर-वर भरत राहू नका, जिवाणू धरतात. रिकामे करून धुवा, पूर्ण वाळवा, मगच भरा.

कागदपत्रे:
सर्टिफिकेट शेवटी. जीएसटीसी (ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल) स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही, ती निकष ठरवते आणि प्रमाणन संस्थांना मान्यता देते. त्यामुळे कोणी 'जीएसटीसीचं सर्टिफिकेट' विकायला आला तर आधी त्याची मान्यता तपासा. निवासांच्या शाश्वत व्यवस्थापनासाठी आयएसओ २१४०१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. काहीही घ्या, आधीच्या नोंदी मागतातच, म्हणून तोटीवाला म्हणतात ते आजच सुरू करा.

जाहिरातीत मोघम 'इको-फ्रेंडली' टाळा. युरोपीय संघात २०२४/८२५ हा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो, त्यात पुराव्याशिवायच्या अशा दाव्यांना बंदी आहे. बुकिंग डॉट कॉमनेही २०२४ मध्ये आपला 'ट्रॅव्हल सस्टेनेबल' बिल्ला काढून टाकला. 'अंघोळीचं पाणी वाफ्यात गाळून बागेला देतो' असं लिहा. कोणीही येऊन बघू शकतं.

रानवारा:
वा, वहीच काढतो. टॉवेल रोज न बदलण्याची पाटी कामाची असते का?

कागदपत्रे:
मजकुरावर आहे. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात 'पर्यावरण वाचवा' यापेक्षा 'या खोलीतल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला' ही ओळ जास्त चालली. अर्थात ते खरं असेल तरच लिहायचं.

साधीसुधी:
आणि बाथरूममध्ये माणशी दोन हुक लावा. अडकवायला जागा नसली की टॉवेल जमिनीवर पडतो आणि धुण्यात जातो. सफाईवाल्यांनाही सांगून ठेवा, पाटी लावूनही अडकवलेले टॉवेल सवयीने उचलले जातात.