मदत हवी आहे: गुलमोहराच्या बुंध्यावरचं गॅनोडर्मा नक्की कोणतं?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या जुन्या गुलमोहराच्या बुंध्याशी दर पावसाळ्यात लाखेचा मुलामा दिल्यासारखी तांबडी, चकचकीत अळंबी येते. खालच्या पानांवर कोको पावडरसारखी बीजाणूंची धूळ साचते. गॅनोडर्माच (लाकडावर वाढणाऱ्या कडक अळंब्यांची एक प्रजाती-गट) आहे, यात शंका नाही. प्रश्न पुढचा.

आपल्याकडे अशा प्रत्येक अळंबीला सरसकट ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ म्हणतात. पण ते नाव 1781 साली इंग्लंडमधल्या नमुन्यावरून दिलेलं. चीनमधलं ‘लिंगझी’ (तिथली औषधी अळंबी) 2012 मध्ये वेगळी प्रजाती ठरलं, आणि उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच नमुन्यांना आता ‘गॅनोडर्मा मल्टिपिलियम’ म्हणतात. मग आमचं कोणतं?

ताज्या अळंबीची छिद्रांची बाजू पांढरी आहे, देठ आखूड, एका कडेला. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दुहेरी भिंतीचे, एका टोकाला छाटल्यासारखे. पण हे तर सगळ्याच भावंडांत सारखं! आतल्या गराच्या रंगावर आणि त्यातल्या काळपट पट्ट्यांवर कितपत भरवसा ठेवावा? की डीएनए तपासणीला पर्याय नाही? करायचीच तर नुसतं आयटीएस (बुरशी ओळखायला नेहमी तपासतात तो डीएनएचा भाग) पुरेल, की आणखी जनुकं लागतील? आणि नमुना वाळवताना किडे लागू नयेत म्हणून काय करता? मागच्या वर्षीचा भुग्यासकट फेकावा लागला.