पौल विचारतो, 'कोण सोडवील?'

एका भावाने लिहिलंय, दर रविवारी उपासनेत राग सोडायचा निश्चय करतो आणि बुधवारपर्यंत घरात पुन्हा आरडाओरडा. भाऊ, माझंही कित्येक वर्षं हेच चालायचं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ७ वा अध्याय उघडा. जे चांगलं करावंसं वाटतं तेच हातून होत नाही, असं सांगत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल २४ व्या वचनात आक्रोश करतो, 'किती मी कष्टी माणूस!' आणि लगेच विचारतो, मला 'कोण' सोडवील. 'कसा सुटेन' असं नाही. माझं तिथेच अडलं होतं. मी उपाय शोधत होतो, सोडवणाऱ्या ख्रिस्ताकडे बघतच नव्हतो.

गेल्या महिन्यात मुलाने माझ्या फायलींवर चहा सांडला. हात उगारला गेला होता. 'प्रभू, माझ्याच्याने होत नाही, तू आवर' एवढंच मनात म्हटलं आणि फडकं आणायला उठलो. पोरगं अजून डोळे घट्ट मिटून उभं होतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायचा राहिला होता, हे त्यांना काही वर्षांनी उमगलं. त्यांनीच तसं सांगून ठेवलंय. तेव्हा खचू नका. बुधवारी पडलात तर बुधवारीच घरच्यांची माफी मागा आणि त्याच रात्री प्रार्थनेला बसा, रविवारची वाट बघू नका.