मदत हवी आहे: दहा-अकरा वर्षांच्या मुलीसाठी लॅटिनो नायक-नायिकांच्या कादंबऱ्या

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्ससमध्ये असतो. लेक पाचवीत, वर्गातली निम्मी पोरं मेक्सिकन घरांतली. मेग मेदिनांची ‘मर्सी सुआरेझ चेंजेस गिअर्स’ (२०१९चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) तिनं दोन दिवसांत संपवली. मर्सीचे आजोबा विसरायला लागतात, तिथं पान दुमडून ठेवलंय. आमच्याकडेही आबांचं तेच चाललंय. मग ‘द लास्ट क्वेंतिस्ता’ दिली, तर अंतराळयान बघून तोंड वाकडं! आता ‘पुरा बेलप्रे’ पुरस्काराच्या (लॅटिनो लेखक-चित्रकारांच्या बालसाहित्याला मिळणारा अमेरिकन पुरस्कार) यादीतलं, नुसतं ऑनर (पदकाखालोखालचा मान) मिळालेलंही चालेल, पण घरातल्या माणसांचं आणि जरा हसवणारं काही सुचवाल का? ‘एस्पेरान्झा रायझिंग’ घेऊन ठेवलीये, पण त्यात वडील सुरुवातीलाच मारले जातात, म्हणून हात आखडतोय. या वयाच्या मुलांना कुणी दिलीये का? कशी झेपली?